पूर ओसरल्यावर गावात जाताना: मनाच्या मदतीसाठी निघालेल्या नव्या कार्यकर्त्यांना मार्गदर्शन

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाणी ओसरले, गाळ उपसला गेला, भिंतींना रंग लागला; पण जुलै उजाडून दोन दिवस संततधार लागली की नदीकाठच्या घरांत अजूनही पहिला प्रश्न हाच असतो, की पूल किती फुटांवर आहे. रात्री दोन वाजता उठून मोबाइलवर पातळी पाहणाऱ्या माणसाला आपल्याला काही मानसिक त्रास आहे असे वाटत नाही आणि बहुतेक वेळा तो आजारीही नसतो. मात्र त्याची झोप गेलेली असते, चिडचिड वाढलेली असते आणि घरातली मुले ती चिडचिड झेलत असतात. आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराचे काम अशा घरांमध्ये करायचे असते.

हा लेख युवक मंडळांचे कार्यकर्ते, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, बचत गटांच्या भगिनी, शिक्षक आणि पहिल्यांदाच आपत्तिग्रस्त गावात जाणारे स्वयंसेवक यांच्यासाठी आहे. समुपदेशनाचे शिक्षण नसताना आपण काय करणार, असा संकोच बहुतेकांच्या मनात असतो. त्यावर माझे उत्तर असे, की या कामाचा मोठा भाग समुपदेशनाचा नाहीच. माणसाला खरी माहिती मिळणे, त्याचे शेजारी त्याच्याजवळ असणे आणि स्वतःच्या आयुष्यातले निर्णय पुन्हा त्याच्या हाती येणे, या तीन गोष्टींनी बहुसंख्य माणसे काही आठवड्यांत सावरू लागतात. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न आणि इतर मदतसंस्थांच्या समितीने 2007 मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही मानसिक आधाराचे चार थर एकावर एक रचलेले दिसतात. तळाशी अन्न, निवारा आणि सुरक्षितता, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची विशेष मदत आणि अगदी वरच्या निमुळत्या टोकाला मानसोपचारतज्ज्ञ. आपले काम मुख्यतः खालच्या दोन थरांत आहे आणि वरच्या थराची गरज कोणाला आहे हे वेळेवर ओळखणे हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.

निघण्यापूर्वी

गावात कोणाच्या बोलावण्यावरून जात आहात हे आधी ठरवा. ग्रामपंचायत, आशाताई, अंगणवाडीताई, शाळेचे मुख्याध्यापक किंवा निवारा केंद्र चालवणारे अधिकारी यांपैकी किमान एकाशी बोलल्याशिवाय निघू नये. पूर ओसरल्यानंतरच्या आठवड्यात गावात इतकी वाहने येतात, की तेच ते प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तरे देऊन लोक थकून जातात. किती दिवस येणार आहात हेही मनाशी पक्के करा. दोन दिवसांत 20 घरे फिरण्यापेक्षा सहा महिने दर शनिवारी त्याच 5 घरांत जाणे अधिक उपयोगाचे आहे. ते जमणार नसेल, तर धान्य किंवा पांघरुणे द्यावीत, चिखल काढावा आणि परत यावे. त्यातही काही कमीपणा नाही. फक्त मनाची गाठ सोडायला बसू नये, कारण अर्धवट सोडलेली गाठ अधिक घट्ट होते.

गावाची बोली, तिथले समाज, मृत्यूनंतरचे विधी आणि आधीची भांडणे यांची थोडी माहिती घेऊन जावे. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. ती ठाकर समाजाची वाडी होती. अशा ठिकाणी शहरी प्रमाण मराठीत लांबलचक प्रश्न विचारणारा माणूस कितीही भला असला तरी परकाच ठरतो. त्याच समाजातला एखादा शिक्षक किंवा कार्यकर्ता सोबत असेल तर निम्मे काम सोपे होते.

पहिला आठवडा: हात आधी, शब्द मागून

जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा गाभा पाहा, ऐका आणि जोडा या तीन क्रियापदांत आहे. पाहा म्हणजे जागा सुरक्षित आहे का, कोण एकटे बसले आहे, कोणाच्या अंगात कापरे भरले आहे, कोण आपल्या मुलाकडेही लक्ष देऊ शकत नाही, हे आधी डोळ्यांनी टिपा. ऐका आणि जोडा, म्हणजे माणसाला त्याच्या माणसांशी, खऱ्या माहितीशी आणि मदतीशी जोडून देणे, यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नवे कार्यकर्ते बहुधा तिथेच चुकतात.

सर्वात मोठी चूक म्हणजे काय घडले ते वदवून घेण्याचा आग्रह. सगळे बोलून टाकले की मन मोकळे होते, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. प्रत्यक्षात, आपत्तीनंतर लगेच माणसाला बसवून त्याच्याकडून संपूर्ण प्रसंग एकाच बैठकीत उकरून काढण्याची पद्धत पूर्वी वापरली जाई; तिचा उपयोग होत नाही आणि काहींचा त्रास त्यातून वाढू शकतो, असे दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नये असे सांगितले. त्यामुळे ‘काय काय झालं ते सांगा’ असे विचारू नका. ‘आजी, मी थोडा वेळ इथे बसू का?’ असे विचारा. त्या बोलल्या तर ऐका, नाही बोलल्या तर भिजलेली भांडी पुसायला हात लावा. चिखलात एकत्र काम करताना जे सहज बोलले जाते, ते समोरासमोर खुर्च्या मांडून विचारले असता बहुतेकदा बोलले जात नाही.

‘जीव वाचला हे काय कमी आहे’, ‘देवाची मर्जी’, ‘तुमच्यापेक्षा शेजारच्या गावात जास्त नुकसान आहे’, ‘रडू नका’, ‘तुमचं दुःख मला कळतं’ ही वाक्ये आपल्या तोंडी इतकी बसलेली आहेत, की ती टाळण्यासाठी सराव करावा लागतो. यांतले प्रत्येक वाक्य समोरच्याला गप्प करते. त्याऐवजी ‘रात्री झोप लागते का?’, ‘जेवणाची सोय झाली का?’, ‘घरातली सगळी माणसं एकत्र आहेत ना?’ असे साधे प्रश्न पुरतात. जनावरांबद्दलही आवर्जून विचारा. 2019 च्या पुरात सांगली आणि कोल्हापूर भागातल्या अनेकांनी जनावरे सोडून घराबाहेर पडायला नकार दिला होता. दावणीला बांधलेली म्हैस डोळ्यांदेखत गेली, हे दुःख त्या घरासाठी पैशात मोजण्यासारखे नसते आणि बाहेरचा माणूस त्याची विचारपूस करतो तेव्हा आपले ऐकले जात असल्याचे त्यांना जाणवते.

एखाद्याचा श्वास जोरात चालला असेल, छातीत धडधडत असेल, जीव घाबरा होत असेल, तर आधी छातीत कळ किंवा इतर शारीरिक आजार नाही ना याची आरोग्य सेवकाकडून खात्री करून घ्या. मग त्यांना पाय जमिनीवर टेकवून बसायला सांगा, सोबत बसून सावकाश श्वास सोडत राहा, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावे घ्यायला लावा. अंगावर हात ठेवण्यापूर्वी विचारा. कोणाचे छायाचित्र काढू नका आणि ऐकलेली गोष्ट दुसऱ्या घरात, गटाच्या व्हॉट्सॲपवर किंवा पत्रकारापुढे सांगू नका.

औषधांची यादी

पहिल्याच आठवड्यात करायचे एक काम बहुतेक मदत पथकांच्या ध्यानात येत नाही. पुरात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि गोळ्या वाहून जातात. फिट्सची, स्किझोफ्रेनियाची किंवा द्विध्रुवी (बायपोलर) आजाराची औषधे अचानक बंद झाली तर 10-15 दिवसांत, कधी त्याहूनही आधी, त्रास उसळतो आणि मग घरचे लोक म्हणतात की पुराने वेड लावले. आशाताईंना सोबत घेऊन, खासगीपणा सांभाळून, अशा रुग्णांची यादी करा आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सेवा असते, आणि ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाला निवारा केंद्रात दारू मिळेनाशी झाली, की दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास हातपाय थरथरणे, घाम, भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणे असे प्रकार सुरू होऊ शकतात. हा जिवावर बेतू शकणारा वैद्यकीय प्रसंग आहे, भूतबाधा किंवा नाटक नाही. अशा वेळी 108 ला फोन करावा.

झोपेच्या गोळ्या सरसकट वाटण्याची मागणी गावातून येते आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही पहिल्या महिन्यात केवळ धक्का बसला म्हणून झोपेच्या, शामक गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. कोणतीही गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. आपण आपल्या पिशवीतून कोणालाही गोळी देऊ नये.

कागदपत्रे हाही मानसिक आधार आहे

पंचनामा झाला नाही, यादीत नाव नाही, आधार कार्ड भिजले, बँकेचे पासबुक सापडत नाही, सातबाऱ्यावर अजून वडिलांचेच नाव आहे. पूर ओसरल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून बहुतेक घरांतली झोप याच गोष्टींनी उडालेली असते. अशा माणसाला दीर्घ श्वसन शिकवण्यात अर्थ नाही. त्याच्याबरोबर तलाठी कार्यालयात जा, अर्ज लिहून द्या, पोचपावती घ्या आणि पुढची तारीख त्याच्यासमोर कागदावर लिहा. इथे एक पथ्य पाळायचे, ते म्हणजे अर्ज त्याच्या वतीने तुम्ही परस्पर करू नका. त्याला सोबत न्या, बोलणे त्यालाच करू द्या आणि अडखळला तरच मदत करा. पुराने त्याच्या हातून सगळे नियंत्रण हिरावून घेतलेले असते आणि मदत करणाऱ्यांनीही सारे त्याच्याविना उरकले, तर उरलेसुरलेही जाते.

माहितीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर राहा. ‘अनुदान मिळेल, काळजी करू नका’ असे वचन कधीही देऊ नये. जे ठाऊक आहे ते सांगावे, जे ठाऊक नाही ते उद्या विचारून सांगतो म्हणावे आणि उद्या खरोखर जाऊन सांगावे, उत्तर मिळाले नसले तरीही. धरण सोडले, धरण फुटले अशा अफवा पहिल्या काही रात्रींत फार पसरतात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज ठरावीक वेळी खात्रीची माहिती लिहिली गेली तर गावाची झोप सुधारते, हे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचे वाटते. नुकसानभरपाईचे पैसे घरात येण्याच्या दिवसांत दारू, भाऊबंदकी आणि बायकांना होणारी मारहाण यांकडेही लक्ष ठेवावे. महिलांसाठी 181 हा मदत क्रमांक आहे आणि तो बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांना लिहून द्यावा.

ज्यांचे माणूस गेले त्यांच्या घरी

इर्शाळवाडीत 27 मृतदेह सापडले आणि 57 जण बेपत्ता राहिले. चौथ्या दिवशी शोधकार्य थांबवण्यात आले. ज्या घरात देह मिळत नाही, तिथे शोक सुरूच होत नाही. आई दाराकडे पाहत राहते आणि दहावे करायचे की नाही यावरून घरात वाद होतात. अशा वेळी ‘आता आशा सोडा’ असे सांगण्याचा अधिकार बाहेरच्या कार्यकर्त्याला नाही. कुटुंबाने आणि समाजाने केव्हा आणि कोणता विधी करायचा हे ठरवावे. देह नसतानाही करता येणारे विधी अनेक समाजांत आहेत, त्यासाठी जाणती माणसे गावातच असतात आणि त्यांना एकत्र बसवणे एवढेच आपले काम आहे. मृत्यूचा दाखला मिळवणे हे त्या घरासाठी कागदी काम नसते. तो अर्ज करणे म्हणजे आपणच त्याला मेलेले ठरवणे, असे त्यांना वाटू शकते. म्हणून त्यासाठी घाई करू नका आणि त्या दिवशी सोबत राहा.

‘मी हात सोडला’, ‘मी त्याला त्या रात्री घरी थांबायला सांगितलं’ अशी अपराधी भावना वारंवार कानावर येईल. ती वाद घालून खोडून काढता येत नाही. शांतपणे ऐकावे आणि पुरेसा विश्वास निर्माण झाल्यावर, त्या क्षणी त्यांना काय ठाऊक होते आणि काय करणे शक्य होते, एवढेच विचारावे.

मुले

मुलांसाठी सर्वात चांगला उपाय म्हणजे शाळा लवकर सुरू होणे, मग ती मंदिराच्या सभामंडपात भरली तरी चालेल. लहान मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, आईला क्षणभरही सोडत नाहीत, पूर किंवा दरडीचाच खेळ पुन्हा पुन्हा खेळतात. त्यांना रागावू नये आणि तो खेळ थांबवूही नये. मुलांकडून आपत्तीची चित्रे काढून घेऊन ती प्रदर्शनात लावणे मात्र टाळावे. एकट्या पडलेल्या मुलाची माहिती 1098 वर द्यावी. त्याला परस्पर दुसऱ्या गावी किंवा संस्थेत हलवू नये आणि नात्यातले जवळचे माणूस शोधण्याचा प्रयत्न आधी करावा.

गावाचे बळ गावातच

पहिला महिना सरल्यावर तुमचा सहभाग हळूहळू मागे आणि गावाचा पुढे यायला हवा. याबाबतीत किल्लारीकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे 8 हजार माणसे गेली. दगड-मातीची जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर छताखाली झोपण्याची भीती तिथल्या लोकांच्या मनात दीर्घकाळ राहिली. 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. नवी घरे भक्कम होती, पण सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांच्या त्या वसाहतींत जुनी गल्ली, शेजार आणि पार उरले नाहीत, ही खंत पुनर्वसनाच्या चर्चेत वारंवार मांडली गेली आहे. यातून निवारा केंद्रासाठीही धडा घेता येतो. खोल्या वाटताना एका गल्लीतली कुटुंबे शेजारी शेजारी ठेवावीत. रोज सकाळी जिची हाक ऐकून उठायची सवय आहे ती बाई पलीकडच्या चटईवर असेल, तर त्याचा आधार कोणत्याही शिबिरातल्या भाषणापेक्षा मोठा असतो.

किल्लारीच्या पुनर्बांधणीत दुरुस्तीच्या कामांसाठी गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केले, शासन आणि कुटुंब यांच्यामध्ये त्या दुवा झाल्या. पुढे 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर भागातल्या अशा बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या. ज्यांनी स्वतःचे घर ढिगाऱ्यातून उभे केले होते, त्यांनी दुसऱ्या राज्यातल्या बाईशेजारी बसून ते कसे केले हे सांगणे, याला मी लोकांच्या मनाच्या उभारीचे उत्तम उदाहरण मानतो.

तुम्ही करायचे ते असे, की भजनी मंडळ, बचत गट, तालीम, गणेश मंडळ, मशिदीची समिती, बुद्धविहार, यांपैकी आपत्तीपूर्वी जे काही चालू होते ते पुन्हा कधी सुरू होईल याची विचारणा करा आणि त्यासाठी लागणारी छोटी मदत, एखादा पखवाज, सतरंजी, दिव्याची सोय, मिळवून द्या. नव्या ‘ताणमुक्ती’ कार्यक्रमाऐवजी हरिपाठ पुन्हा सुरू होण्याला प्राधान्य द्यावे. मात्र अशा गटांत कोणाला जागा नसते तेही पाहा. गावकुसाबाहेरची वस्ती, ऊसतोड कामगार, एकट्या राहणाऱ्या विधवा, अपंग आणि भाडेकरू यांचे नाव मदतीच्या यादीत आणि गावाच्या गप्पांतही बहुधा शेवटी येते. त्यांच्याकडे तुम्ही आधी जावे.

कोणाला डॉक्टरांकडे न्यावे

दचकणे, झोप न लागणे, भूक मंदावणे, त्या आवाजाची आठवण येऊन काळजात धस्स होणे, हे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक आहे आणि हे लोकांना स्पष्ट सांगितलेले बरे. महिना उलटूनही हा त्रास कमी होत नसेल, माणूस काम आणि घर सांभाळू शकत नसेल, दारू वाढत चालली असेल, तर डॉक्टरांकडे पाठवावे. भान नसल्यासारखे वागणे, अन्नपाणी सोडणे किंवा मरणाचे बोलणे असेल तर महिन्याची वाट पाहू नये.

पीक गेले, जमीन खरवडून गेली आणि डोक्यावर कर्ज आहे, अशा शेतकऱ्याच्या तोंडी ‘आता जगून काय करायचं’ असे आले, तर विषय बदलू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ, हळू आवाजात विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला जागा मिळते. उत्तर हो असेल तर त्यांना एकटे सोडू नका, घरातल्या विश्वासू माणसाला त्यांना सांगून सोबत घ्या, कीटकनाशके शेजारच्या घरात कुलपात ठेवायला लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. 14416 हा टेली मानस या शासनाच्या फोनवरील मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, तो 24 तास असतो आणि मराठीत बोलता येते. तो क्रमांक नुसता देऊ नका, पहिला फोन शेजारी बसून लावून द्या. तातडीच्या प्रसंगी 112 किंवा 108. पोलीस केस होईल या भीतीने अनेक घरे आत्महत्येचा प्रयत्न लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार अन्यथा सिद्ध होत नाही तोवर ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते, तिला शिक्षा करता येत नाही आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते, हे घरच्यांना समजावून सांगा.

तुमचे स्वतःचे

जोडीने जा, जोडीने परत या आणि परतताना दिवसभरात काय जड गेले ते जोडीदाराला सांगा. गावातल्या आशाताई आणि स्थानिक तरुण स्वतःही पूरग्रस्त आहेत, त्यांच्या घरातही गाळ आहे, हे विसरून त्यांच्यावर कामे लादू नका. त्यांचे घर स्वच्छ करायला एक दिवस संपूर्ण पथकाने जावे असे मी सुचवेन. तुम्हाला सलग काही रात्री झोप लागली नाही तर दोन आठवडे सुट्टी घ्या आणि गावाला तसे सांगून घ्या.

पुढचा पावसाळा

ज्यांना सगळे सावरले असे वाटते त्यांचाही त्रास पहिल्या वार्षिक तारखेच्या आसपास आणि पहिल्या जोरदार पावसात उफाळतो. म्हणून मे महिन्याच्या शेवटी गावात परत जा. ग्रामसभेत किंवा पारावर बसून कागदावर काही गोष्टी लिहून घ्या: पाणी किती फुटांवर गेले की निघायचे, कोणत्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कोण उचलून नेणार, जनावरे कोणाच्या माळावर बांधायची, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी घरात कुठे टांगायची आणि कोणाची कोणती गोळी त्या पिशवीत ठेवायची. एकदा सर्वांनी चालून ती वाट प्रत्यक्ष पाहावी, मुलांनाही सोबत घ्यावे. मग जुलैतल्या पहिल्या संततधारेच्या रात्री तुमच्या त्या 5 घरांना फोन करा आणि पाणी किती आहे हे विचारण्याआधी जेवण झाले का ते विचारा.